दुसऱ्या टाकीतली धाकटी

१

दुसऱ्या टाकीतल्या बत्तीसच्या बत्तीस शिंपल्या सोमवारी सकाळी मेलेल्या सापडल्या, आणि साडेदहाच्या आत त्याचा गुन्हेगारसुद्धा ठरला.

इतक्या झटपट ठरलेल्या गुन्हेगारावर माझा विश्वास बसत नाही. मी तीस वर्षं मासळीबाजारात तपासनीस होते. तिथे जो सगळ्यात आधी पकडला जायचा, त्याच्या टोपलीत निम्म्या वेळा दुसऱ्याचाच माल निघायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ही सवय काही जात नाही. आमचे हे म्हणतात, तू साखरेच्या डब्याकडेही संशयाने बघतेस.

मला बोलावलं ते माझ्या धाकट्या दिरांनी. ते त्या सागरी संशोधन केंद्राचे संचालक. माणूस सज्जन, पण निर्णय घ्यायची वेळ आली की ते दहा जणांना विचारत बसतात.

"वहिनी, नुसत्या येऊन बघून जा," ते फोनवर म्हणाले. "तीन वाजता समितीची बैठक आहे. त्याआधी घरच्या कोणीतरी बघितलेलं बरं."

"भाऊजी, मला तुमच्या पीएच.डी.तलं काय कळणार?"

"शिंपल्या तर कळतात ना?"

ते खरं होतं. स्कॅलप म्हणजे पंख्याच्या आकाराची शिंपली. वरचा भाग सपाट, झाकणासारखा. खालचा खोलगट, वाटीसारखा. जिवंत असताना ती वाटीवर बसते आणि झाकण वर असतं. आमच्या बाजारात तिच्या दोन जाती यायच्या. पाणबुडे एकीला थोरली म्हणायचे आणि दुसरीला धाकटी, कारण दोघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. तोच रंग, तोच आकार, तीच ठेवण. थोरली उथळ पाण्यात राहते आणि मुबलक मिळते. धाकटी खोल, गार पाण्यातली. ती दुर्मीळ, म्हणून ती धरायला बंदी. थोरल्यांच्या ढिगातून धाकट्या वेचून काढणं हेच माझं रोजचं काम होतं.

अकराला मी केंद्रावर पोचले. भाऊजींनी मला टाक्यांच्या खोलीत नेलं आणि दारातूनच हकिकत सांगितली, कारण आत वास सुटला होता. केंद्रातली एक विद्यार्थिनी तीन वर्षं या दोन जातींची तुलना करत होती. पहिल्या टाकीत थोरल्या, पाणी अठरा अंशांवर. दुसऱ्या टाकीत धाकट्या, पाणी बारा अंशांवर. मंगळवारी बाहेरचे परीक्षक जिवंत शिंपल्या बघायला येणार होते. आणि सोमवारी सकाळी दुसऱ्या टाकीचं तापमानाचं बटण चोवीसवर, शिंपल्या मेलेल्या.

"बटण कोणाच्या ताब्यात असतं?"

"टाकीवाल्या काकांच्या. सव्वीस वर्षं झाली त्यांना इथे. त्यांनी स्वतःच कबूल केलं की आपणच विसरलो असू. तसा कागदही टाइप झालाय. तीनला सही केली की आजच्या आज घरी."

"मग मला कशाला बोलावलंत?"

भाऊजी चष्मा पुसत राहिले. "त्यांनी फार लगेच कबूल केलं, वहिनी. मला ते काही बरं वाटत नाहीये."

मी पदर नाकाला न लावता टाकीशी गेले. माझं नाक बाजारातच निवृत्त झालंय. शिंपल्या तळाच्या वाळूवर, तोंडं वासलेल्या. झाकण वर, वाटी खाली, जशा असाव्यात तशाच. फक्त त्या ओळीत होत्या. आठ-आठच्या चार ओळी, शाळेतल्या कवायतीसारख्या. आणि वाळूत त्यांनी स्वतः उकरलेले बसायचे खळगे होते, वाटेल तसे विखुरलेले. बत्तीसातली एकही शिंपली आपल्या खळग्यात नव्हती.

२

टाकीवाले काका मागच्या पायरीवर बसले होते. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस, मांडीवर दोन्ही हात. घरी जायच्या तयारीनेच बसलेत असं वाटलं.

"काका, शिंपल्या ओळीत तुम्ही लावल्यात?"

"नाही बाई. ओळीतच होत्या. मी फक्त सुलट्या केल्या."

"म्हणजे?"

"पालथ्या होत्या ना सगळ्या. वाटी वर, झाकण खाली. मला ते बघवेना. एकेक धरून सुलटी केली, जिथली तिथेच."

"हे कोणाला सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही. तडफडताना उलटल्या असतील."

तडफडून बत्तीस शिंपल्या एकाच बाजूला उलटतात आणि वर रांगेत येऊन बसतात, हे मला काही पटलं नाही. पण ओळींचं सोडाच. शिंपल्या तडफडल्या असत्या तर त्यांनी उडवलेल्या वाळूने खळगे बुजले असते. खळगे तर जसेच्या तसे होते.

"रविवारी तुम्ही बटणाला हात लावलात?"

त्यांनी वळून टाक्यांच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाले, "मला विचाराल तर नाही. अकराला निघालो तेव्हा बारावर होतं, मी बघितलं. मला ते दिसतंय अजून. पण त्याला काय अर्थ आहे?"

"का नाही?"

"माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं, बाई. आधी किल्ल्या विसरायचा. मग घरचा रस्ता. मग आम्हाला. आणि मधल्या दिवसांत त्याला जे कधी झालंच नव्हतं ते अगदी पक्कं आठवायचं. शपथेवर सांगायचा. मी त्याच्याशी भांडायचो." त्यांनी हात उलटे करून तळवे बघितले. "गेल्या महिन्यात माझ्याकडून नळ चालू राहिला. त्याआधी एकदा किल्ली दारालाच. आता हे. नोकरी जाऊ दे हो. पण मला आठवतंय ते खरं की नाही, हेच जर कळेनासं झालं, तर बायकोला तरी काय सांगू?"

मी खिडकीकडे वळले. तपासात डोळे पुसत बसलं की समोरचा बोलायचा थांबतो. खिडकीखाली विद्यार्थ्यांना दाखवायच्या सुक्या, जोडलेल्या शिंपल्यांचं खोकं होतं. त्यातल्या आठ मी त्यांच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "जरा एवढ्या ट्रेमध्ये ठेवता का? मी वही शोधते." त्यांनी त्या ठेवल्या. झाकण वर, जागा मिळेल तिथे, एक दुसरीला टेकलेली.

मग मी टाकीकडे परत गेले. सकाळपासून सगळ्यांनी त्या शिंपल्या लांबून बघितल्या होत्या. काकांनी सुलट्या करताना वरून धरल्या तेवढंच, आतल्या मांसाला बोट कोणी लावलं नव्हतं. मी बाही वर केली, एक शिंपली बाहेर काढली आणि मधला मांसाचा गोळा बोटाने दाबला.

मेलेल्या शिंपलीचा गोळा बुळबुळीत असतो, काचेसारखा थोडा आरपार दिसतो आणि वाटीला घट्ट धरून असतो. वास सुटला तरी तो सैल पडतो, इतकंच. हा पांढराफटक होता, रबरासारखा टणक, आणि बोट लावताच वाटीतून सुटून आला. मी दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या तशाच.

टाकीचं बटण चोवीसच्या पुढे जातच नाही. चोवीस अंशांचं पाणी म्हणजे आंघोळीला घेतलं तर आपण कुडकुडू. या शिंपल्या गरमीने मेल्या नव्हत्या. कोणीतरी त्या उकळल्या होत्या.

३

थीसिसवाली वाचनालयात बसली होती. सगळे तिला त्याच नावाने हाक मारत आणि तीही ओ देत असे. रडून रडून नाक लाल झालेलं. मी शेजारी बसल्यावर पहिलं वाक्य तिनेच म्हटलं.

"मावशी, काकांना काही करू नका. त्यांनी माझ्या शिंपल्या माझ्यापेक्षा जास्त सांभाळल्यात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येतात. त्यांना कामावरून काढलं तर मी पण इथे राहणार नाही."

"तू राहिली नाहीस तर शिंपल्या जिवंत होणार आहेत का? मला आधी तुझं काम समजावून सांग."

तिने सांगितलं. तीन वर्षं, दर पंधरा दिवसांनी प्रत्येक शिंपलीची लांबी, रुंदी, वजन. निष्कर्ष असा की धाकटी थोरलीच्या निम्म्या वेगाने वाढते आणि ते तिच्या जातीतच आहे. सरांना हा निष्कर्ष फार आवडला होता.

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. केंद्राचा शिंपल्यांचा संग्रह तेच सांभाळतात.

"या धाकट्या आल्या कुठून?"

"खोल पाण्यात टाकलेल्या जाळ्यातून. नखाएवढी पिल्लं होती तेव्हा. इतक्या लहानपणी थोरली कोण आणि धाकटी कोण हे कोणालाच सांगता येत नाही. पण सरांनी एक पद्धत शोधलीय. बिजागरीजवळ शिंपलीला छोटे कान असतात ना, त्यावरच्या खाचेवरून ते ओळखतात. त्यांनीच वेचून दिल्या. त्यांचं पुस्तक येतंय पुढच्या महिन्यात, त्याच पद्धतीवर."

"मोठ्या झाल्यावर कोणी पुन्हा तपासून बघितल्या?"

"सहा आठवड्यांपूर्वी मीच सरांना म्हटलं होतं की कंगोरे चित्रातल्यासारखे वाटत नाहीत. ते म्हणाले, टाकीत वाढलेल्यांचं असंच होतं, वरती शेवाळ बसतं, तू आकड्यांकडे बघ. मग मी आकड्यांकडे बघितलं."

"रविवारी कुठे होतीस?"

"वसतिगृहात. शेवटचं प्रकरण लिहीत होते. खोलीतली मैत्रीण वैतागून बाहेर निघून गेली, म्हणजे साक्षीदार कोणी नाही." ती स्वतःच कडवट हसली. "मला ठाऊक आहे हे वाईट दिसतं."

मी तिलाही आठ शिंपल्या दिल्या. तिने त्या बोलता बोलता ट्रेमध्ये ठेवल्या, झाकण वर, विखुरलेल्या. एक कलंडून पालथी पडली तर तिने न बघताच नखाने ती सुलटी केली.

तिथून मी पुन्हा टाकीकडे. एव्हाना भाऊजींना वाटलं असणार की वहिनींना वासाची चटक लागलीय. मी एका शिंपलीचं झाकण रुमालाने खसाखसा पुसलं, खिडकीत नेलं आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. थोरली आणि धाकटी डोळ्यांना फसवतात. अंगठ्याला फसवत नाहीत. थोरलीचे कंगोरे गोल, पन्हाळी पत्र्यासारखे. धाकटीचे कंगोरे वर चपटे आणि दोन्ही कडांना धारदार. बाजारात मी एका दिवसात दोन हजार शिंपल्या अशा चाचपल्या आहेत.

अंगठ्याला कंगोरे गोल लागले. मी दुसरी पुसली. गोल. शेवाळ घासून काढण्यातच वेळ गेला, पण सव्वा तासात मी बत्तीसही चाचपल्या. मागून कोणी अदलाबदल केली असेल म्हणून प्रत्येकीवरचे क्रमांकही पाहिले. ते नखाएवढ्या पिल्लांवर चिकटवलेले होते आणि शिंपली त्यांच्याभोवती तीन वर्षं वाढलेली होती. म्हणजे या त्याच शिंपल्या, पहिल्या दिवसापासूनच्या.

आणि त्या सगळ्या थोरल्या होत्या. दुसऱ्या टाकीत धाकटी कधी आलीच नव्हती.

४

सरांची खोली बघून कोणालाही झोपेतसुद्धा नीटनेटकं वागावंसं वाटेल. तीन भिंतींना खणांची कपाटं. त्यांनी माझ्यासाठी कौतुकाने एक खण ओढून दाखवला. कापसावर शिंपल्या, एका मापाच्या, खाली बारीक अक्षरात चिठ्ठ्या. कोपऱ्यात बेसिन, शेजारी गॅसची शेगडी, तिच्यावर मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं.

"इथे स्वयंपाकही करता वाटतं?"

ते हसले. "शिंपल्या साफ करायला लागतं. संग्रहात ठेवायच्या तर आतलं मांस राहून चालत नाही. उकळलं की आपोआप सुटतं."

सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. टाकीतल्या शिंपलीत कोणी बोट घालेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"काकांचं तुम्हाला काय वाटतं?"

"वाईट वाटतं. बिचारे. भावाचंही असंच झालं होतं त्यांच्या." त्यांनी सुस्कारा टाकला. "संचालकांना मी दोनदा सुचवलं होतं की त्यांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. काकांनाही सांगितलं, डॉक्टरांना दाखवा. आज सकाळीही मीच जवळ बसून, पाठीवर हात ठेवून त्यांना शांत केलं. म्हटलं, तुम्हाला आठवत नाही हा तुमचा दोष नाही."

"त्यांना तर आठवतंय. बटण बारावर होतं म्हणून."

"तेच तर लक्षण असतं, बाई."

माझ्या जिभेवर एक चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. ते मी गिळलं.

"त्या सडक्या शिंपल्या तेवढ्या दुपारच्या आत पुरायला सांगा," ते पुढे म्हणाले. "सकाळपासून मी तिसऱ्यांदा सांगतोय. पहिल्या टाकीला रोग लागायचा. काकांना सांगितलं तर म्हणाले, बैठक होईपर्यंत हात लावणार नाही. एरवी विसरतात आणि नको तिथे नियम आठवतात."

"सांगते," मी म्हटलं. "तोवर या आठ शिंपल्या जरा ट्रेमध्ये ठेवता का? मी कुठल्या खोक्यातून आणल्या तेच विसरले. पेनही सापडत नाहीये."

मी पिशवीत पेन शोधत राहिले. पेन हातातच होतं. सरांनी एकेक शिंपली बोटांच्या टोकांनी उचलली, वाटी वर केली, झाकण खाली, आणि ट्रेच्या कडेला समांतर लावली. आठच्या आठ. एक ओळ. सगळ्यांच्या बिजागऱ्या एकाच दिशेला. मग थोडं मागे होऊन त्यांनी मधली एक केसभर सरकवली.

मी ओढलेल्या खणाकडे बघितलं. तिथेही ओळीत आठ. तिथेही वाट्या वर, कारण संग्रहात शिंपलीची सुंदर बाजू वर ठेवायची असते.

दोन वाजून गेले होते. मी ट्रे जसाच्या तसा उचलला आणि निघाले.

५

बैठकीत तिघे होते. भाऊजी, केंद्राच्या प्रशासन अधिकारी आणि तिसरे खुद्द सर. टेबलावर काकांनी सही करायचा कागद, त्यावर पेन. थीसिसवालीला मी हट्टाने बोलावून घेतलं होतं. काका बाहेरच्या बाकावर होते.

मी शेजारी ठेवलेल्या डब्यातली एक शिंपली कागदावरच ठेवली. अधिकारी बाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"ही शिजलेली आहे," मी म्हटलं. "बाकीच्या एकतीसही. शंका असेल तर दाबून बघा. चोवीस अंशांवर काही शिजत नाही. म्हणजे कोणीतरी रविवारी अकरानंतर त्या बाहेर काढल्या, उकळल्या, परत टाकीत ठेवल्या आणि मग बटण चोवीसवर नेलं."

"पण का?" भाऊजी म्हणाले. "मारायच्याच होत्या तर नुसतं बटण पुरे होतं. धाकटी चौदाच्या वर जगत नाही. मग उकळायची यातायात कशाला?"

"अगदी बरोबर. ज्याला त्या धाकट्या वाटत होत्या, त्याने नुसतं बटण फिरवलं असतं. काकांना त्या धाकट्याच वाटतात. ही मुलगीही तीन वर्षं त्यांना धाकट्याच समजतेय. पातेल्याची गरज फक्त एकाच माणसाला होती. ज्याला ठाऊक होतं की या थोरल्या आहेत. थोरली चोवीस अंशांना मरत नाही. उन्हाळ्यात आमच्या बाजारातल्या हौदाचं पाणी सव्वीसवर जायचं, तरी ती दोन दिवस मजेत राहायची."

थीसिसवालीचा चेहरा पांढरा पडला. तिने शिंपली उचलली, नखाने शेवाळ खरवडलं आणि अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"थोरली आहे," ती हळूच म्हणाली. "म्हणजे मी तीन वर्षं एकाच जातीला गार पाण्यात आणि कोमट पाण्यात ठेवून मोजत बसले. हळू वाढणारच ना गार पाण्यात." ती सरांकडे वळली. "मी तुम्हाला विचारलं होतं सर. सहा आठवड्यांपूर्वी विचारलं होतं."

"टाकीतल्या शिंपलीचे कंगोरे बदलतात," सर म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "आणि समजा त्या थोरल्या असल्या, तर हे तिलाही कळलं असणारच. तिनेच तर शंका काढली. परीक्षकांसमोर फजिती तिचीच होणार होती."

मुलीने हातातली शिंपली टेबलावर ठेवली. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं.

"हा विचार माझ्याही मनात आला," मी म्हटलं. "म्हणून मी तिघांना आठ-आठ शिंपल्या ठेवायला दिल्या. सकाळी काकांना टाकीतल्या शिंपल्या पालथ्या दिसल्या होत्या, ओळीने, आठ-आठच्या. त्यांनी त्या फक्त सुलट्या केल्या. काका आणि ही मुलगी रोज जिवंत शिंपली हाताळतात. त्यांच्या हातून शिंपली वाटीवरच बसते, झोपेतही. ज्याने वर्षानुवर्षं शिंपल्या फक्त खणात मांडल्या, त्याचा हात मात्र वाटी वर करतो आणि रांग लावतो. घाईत तर हटकून लावतो." मी ट्रे पुढे केला. "हा सरांनी लावलेला. मी त्यातली एकही हलवली नाही."

अधिकारी बाई ट्रेकडे बघून ओठ हलवत एकेक शिंपली मोजत होत्या.

"या मुलीने शंका काढल्यावर सरांनी त्या स्वतः तपासल्या असणार. आता परीक्षकही मोठ्या शिंपल्यांवरून अंगठा फिरवणार," मी पुढे म्हटलं. "म्हणजे कानाच्या खाचेची पद्धत खोटी ठरणार. जिवंत शिंपल्या नकोत आणि मेलेल्यांची कवचंही नकोत, म्हणून सकाळपासून पुरण्याची घाई. काकांनी हात लावायला नकार दिला म्हणून त्या अजून टाकीत आहेत."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तोही टेबलाच्या कडेला समांतर.

"पुस्तक छापायला गेलंय," ते म्हणाले. "एकवीस वर्षांचं काम आहे. एक पद्धत चुकली म्हणून बाकी सगळं चुकत नाही, पण लोक तसंच म्हणतात. मला थोडा वेळ हवा होता. पुढच्या आवृत्तीत मी दुरुस्त केलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्या बाजारात रोज हजारो मरतात. या शेवटी बत्तीस शिंपल्याच आहेत."

तेव्हा मात्र माझा तोल गेला.

"शिंपल्यांसाठी मी आलेच नाही. शिंपल्या मरतात, मी आयुष्यभर तेच बघितलंय. तुम्हाला त्या माणसाच्या भावाचं ठाऊक होतं. तो कशाला घाबरतो ते तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही सकाळी त्याच्याजवळ बसलात, पाठीवर हात ठेवलात आणि त्याचं डोकं गेलंय असं त्याला पटवून दिलंत. उद्यापासून तो गॅस बंद केला की नाही म्हणून दहा वेळा उठला असता. बायको बोलली की ती खरंच बोलली का म्हणून विचार करत बसला असता. हे तुम्ही कुठल्या आवृत्तीत दुरुस्त करणार होता?"

सरांनी चष्मा उचलला, पण घातला नाही. भाऊजींनी टेबलावरचा कागद घेतला, त्याची घडी घातली आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच कोणाला न विचारता म्हणाले, "सर, तुमच्या खोलीची किल्ली इथे ठेवा आणि बसून राहा. लेखी जबाब आत्ताच घ्यायचाय."

थीसिसवाली दाराशी पोचली होती. "काकांना मी सांगू?" तिने मला विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "नको. मी रडेन. तुम्हीच सांगा."

६

काका बाकावर तसेच बसले होते. मला बघून उठले आणि खिशातून स्वतःचं पेन काढलं.

"सही कुठे करायची?"

"कुठेच नाही. बसा."

मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. शिंपल्या, पातेलं, कंगोरे, ट्रे. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सरांचं नाव आलं तेव्हा नुसतं खाली बघितलं.

"म्हणजे बटणाला मी हात लावला नव्हता?"

"नाही."

"ते बारावर होतं?"

"बारावर होतं."

"मी बघितलं होतं, ते खरंच बघितलं होतं?"

"काका, तुम्ही बघितलं होतं. नळाचं म्हणाल तर नळ मीही विसरते. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात तळं झालं होतं. तरीही मनात शंका असेल तर डॉक्टरांकडे जा, मी सोबत येते. पण रविवारचं सगळं तुमच्या डोक्यात शाबूत आहे."

त्यांनी पेन पुन्हा खिशाला लावलं. मग ते खांदे हलवत रडायला लागले, अगदी मोठ्याने, आणि मी शेजारी बसून राहिले. आतून खुर्च्यांचे आवाज येत होते. भाऊजींनी दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं.

थोड्या वेळाने त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

"रविवारी मी सातला उठलो," ते म्हणाले.

"बरं."

"बायको झोपली होती. मी चहा केला, तिचा झाकून ठेवला. इथे यायला निघालो तर कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं, म्हणून बिस्किटं मिळाली नाहीत. आठला आलो. पहिल्या टाकीची जाळी साफ केली. पंपाचा आवाज जरा वेगळा येत होता, म्हणून पाच मिनिटं उभा राहून ऐकला. मग थांबला आवाज."

ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीवर लिहिलेलं वाचावं तसं एकेक सांगत होते आणि प्रत्येक गोष्टीनंतर थोडं थांबत होते, ती आहे ना जागेवर हे बघत. सव्वानऊला फोन आला, तो मेव्हण्याचा होता. दहाला पाणी बदललं. एक शिंपली उगाचच टाळ्या वाजवल्यासारखी झाकण उघडमीट करत होती, तिच्याकडे बघून हसू आलं. पावणेअकराला हात धुतले. अकराला बटण बघितलं.

"बारा," ते म्हणाले.

मी मान हलवली. मला घरी जायचं होतं, आमचे हे चहासाठी थांबले असणार हे मला माहीत होतं. पण काकांचा रविवार अजून अर्धाही झाला नव्हता. निघताना ते बाहेर कोणाशी बोलले, बस किती उशिरा आली, जेवताना बायको काय म्हणाली, दुपारी किती वेळ झोपले, हे सगळं त्यांना सांगायचं होतं, आणि ते सगळं त्यांना आठवत होतं. मी पाय वर घेऊन बाकावर नीट मांडी घातली आणि शेवटपर्यंत ऐकलं.